खोक्यावरचे ५ किलोमीटर

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे', 'तर काय' आणि मागून ऐकू येणाऱ्या कुकरच्या शिट्ट्या काढल्यात. बाकी जवळपास जसंच्या तसं.)

पाऊस जवळ आला की ऑफिसमधून, सोसायटीच्या ग्रुपवरून मला ठरलेले मेसेज यायला लागतात. "तू ट्रेक करतोस ना, टॉर्च कुठला घेऊ?" "वॉटरप्रूफ फोन खरंच वॉटरप्रूफ असतो का रे?" आणि हमखास येणारा प्रश्न, "वॉकीटॉकी घेऊन टाकू का, स्वस्तात मिळतायत." आज त्या सगळ्यांना एकदाच उत्तर देतो. मी राहायला चिखलीत, नोकरी तळवड्याला, काम सॉफ्टवेअरचं. बीटेकला असताना अँटेनाचा पेपर जेमतेम सुटला होता. रेडिओ हा माझा विषय नव्हताच. तो झाला जुलै २०२४ मधल्या एका रविवारी.

आम्ही नऊ जण राजमाचीला निघालो होतो. आकुर्डीहून लोकल, लोणावळा, तिथून तुंगार्लीमार्गे चालत उधेवाडी. साधारण १५ किलोमीटरची चाल, वाट रुंद, चढ फारसा नाही, त्यामुळे सगळे निवांत. मी पुढे, दादा मागे. दादा म्हणजे माझा मोठा चुलतभाऊ. चाकणला गाड्यांचे हेडलॅम्प तपासतात अशा एका टेस्टिंग लॅबमध्ये तो काम करतो. त्याचं पुढे बरंच येणार आहे. पुढच्या-मागच्यांनी बोलता यावं म्हणून मी ऑनलाइन वॉकीटॉकीची जोडी मागवली होती. खोक्यावर जाड अक्षरांत '५ किलोमीटर रेंज'. आदल्या दिवशी आमच्या गच्चीवरून जाधववाडीच्या चौकापर्यंत टेस्टही केली होती. आवाज एकदम झकास.

शेवटच्या टप्प्यात मागच्या तिघांतली एक मैत्रीण ओढ्यातल्या शेवाळलेल्या दगडावरून घसरली. घोटा गेला. पाय टेकवता येईना. दादानं रेडिओचं बटण दाबून सांगितलं, "आम्ही ओढ्यापाशी थांबलोय, पाय दुखावलाय, परत या." एकदा नाही, सात-आठ वेळा. आणि तिला धीर देत राहिला, "सांगितलंय, येतील आता."

आम्ही तेव्हा उधेवाडीत पिठलं-भाकरीची ऑर्डर देऊन बसलो होतो. रेडिओ समोर ठेवलेला, हिरवा दिवा चालू, आवाज शून्य. आम्हाला वाटलं, काही बोलत नाहीत म्हणजे सगळं ठीक आहे. त्यांना वाटलं, आम्ही ऐकलंय आणि निघालोय. पन्नास मिनिटं दोन्ही बाजू अशाच बसून होत्या. नंतर नकाशावर मोजलं, तर आमच्यात अंतर होतं जेमतेम दीड किलोमीटर. मधे डोंगराची एक सोंड होती, बस.

जेवण वाढणाऱ्या काकांनीच विचारलं, "मागं किती जण हायेत?" मी म्हटलं तिघं. त्यांनी बाहेरचं धुकं बघितलं, घड्याळ बघितलं, आणि खुंटीवरचा टॉर्च काढला. दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला, वर रबरबँड. जाताना एका कातळाकडे बोट दाखवून म्हणाले, फोन लावायचा असेल तर त्याच्यावर चढा, तिथंच रेंज येते. खाली ओढ्यात मात्र कुणाच्याच फोनला रेंज नव्हती. शेवटी आम्हाला ते सापडले शिट्टीमुळे. दादाच्या सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याला प्लॅस्टिकची एवढीशी शिट्टी असते ना, ती.

ती थंडीनं कुडकुडत होती. दादा आणि काकांनी आळीपाळीनं पाठीवर घेऊन तिला गावात आणलं. रात्र तिथेच काढली, सकाळी जीपनं लोणावळ्याला. एक्सरेत फ्रॅक्चर निघालं, सहा आठवडे प्लॅस्टर. घरी भेटायला गेलो तेव्हा ती मला म्हणाली, "रेडिओ नसता ना, तर दादा पहिल्या पाच मिनिटांत कुणालातरी पुढे पाठवून मोकळा झाला असता."

हे माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. तिचं अगदी बरोबर आहे. जवळ काहीच नसतं तेव्हा माणूस तसा विचार करून पावलं उचलतो. 'आहे' असं वाटत असतं आणि ऐनवेळी नसतं, तेव्हा तो बसून राहतो. म्हणून वस्तू घेताना ती किती भारी चालते यापेक्षा ती कुठे चालणार नाही, हे मला आधी कळायला हवं असतं. आणि खोक्यावर नेमकं तेच छापत नाहीत.

५ किलोमीटर कुठून येतात?

घरी आल्यावर मी गणित करायला बसलो. वॉकीटॉकीच्या लहरी साधारण नजरेसारख्या चालतात. दिसतं तिथपर्यंत जातात, मधे डोंगर आला की संपलं. पृथ्वी गोल असल्यामुळे किती लांबपर्यंत दिसतं याचं सोपं सूत्र आहे. उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ घ्यायचं आणि ३.५७ नं गुणायचं, उत्तर किलोमीटरमध्ये. दीड मीटरवर रेडिओ धरलेल्या माणसाचं क्षितिज साधारण ४.४ किलोमीटर. समोरचाही तसाच उभा असेल तर दोघांचं मिळून पावणेनऊ. म्हणजे ५ किलोमीटर हे कागदावर खोटं नाही. फक्त त्यासाठी जमीन पाटासारखी सपाट हवी, मधे झाड नको, घर नको, माणूससुद्धा नको.

पण तेवढ्यावरही भागत नाही. ही लहर ताणलेल्या दोरीसारखी सरळ जात नाही. तिला दोन टोकांना निमुळती आणि मधे फुगलेली, काकडीच्या आकाराची मोकळी जागा लागते. त्याला फ्रेनेल झोन म्हणतात. ४४६ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ६७ सेंटीमीटर. ५ किलोमीटर अंतरासाठी या काकडीची मधली त्रिज्या निघते जवळजवळ २९ मीटर, म्हणजे नऊ-दहा मजली इमारतीएवढी. आपण दोघं दीड मीटरवर उभे, म्हणजे खालची अर्धी काकडी जमिनीत गाडलेली! म्हणून सपाट मैदानातसुद्धा आवाज खोक्यावरच्या आकड्याच्या खूप आधी चिरायला लागतो.

याच्या उलट, दोघांपैकी एक जण डोंगरमाथ्यावर असेल तर अगदी छोटा रेडिओसुद्धा कमाल करतो. सिंहगडावर दूरदर्शनचा टॉवर आहे तो काही हवा खायला नाही. मी आणि दादानं नंतर एका ओळखीच्या ग्रुपकडून, कायद्यात बसणारी, अर्ध्या वॅटची जोडी उसनी आणली आणि भंडारा डोंगरावर गेलो. मी वर थांबलो, तो बाइकवरून खाली उतरत गेला. डोंगर समोर दिसत होता तिथपर्यंत बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं. मग तो परत आला आणि डोंगराच्या मागच्या उताराला चालायला लागला. दहा मिनिटांत गप्प. दोघांत अंतर किती, तर मगाचच्या मानानं काहीच नाही.

मग जास्त वॅटचा सेट घ्यावा का? इथे बरेच जण फसतात. ताकद दहापट केली तरी मोकळ्या जागेत अंतर वाढतं तिपटीच्या जरासं वर. आणि मधे सोंड असेल तर ५ वॅटही तिथेच अडकतात. रेंज वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे चार पावलं चढून उघड्यावर येणं. त्या दिवशी दादा ओढ्यातून पन्नास-साठ मीटर वर, सोंडेच्या धारेवर गेला असता तर कदाचित आम्हाला ऐकू आलं असतं. त्याला ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मी तर शिकलेला.

कायद्याचं थोडं, पण ऐका

तर ती माझी जोडी. नंतर खोदून बघितल्यावर कळलं की ती भलत्याच फ्रीक्वेन्सीवर चालत होती आणि तिला मान्यताच नव्हती. म्हणजे न चालणारी वस्तू, वर बेकायदा.

भारतात परवान्याशिवाय वापरायच्या वॉकीटॉकीसाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढीच पट्टी मोकळी आहे, आणि ताकद जास्तीत जास्त अर्धा वॅट. हा नियम २०१८ चा. त्यातही त्या मॉडेलला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या शाखेची मान्यता लागते, तिला ईटीए म्हणतात. विकणाऱ्याला सरळ विचारा, फ्रीक्वेन्सी काय आणि ईटीए नंबर काय. उत्तराच्या जागी 'सर, बेस्ट क्वालिटी' आलं की पुढे चला. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं याच कारणावरून ऑनलाइन विक्रीच्या मंचांना १३ नोटिसा काढल्या आणि त्याच महिन्याच्या शेवटी वॉकीटॉकीच्या विक्रीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही आली. नियम नुसता कागदोपत्री नाही. त्याच लहरींवर पोलिस, विमानतळ, अग्निशमन असे कुणीतरी बोलत असतात.

आपल्या भागात आणखी एक मोह असतो. कारखाना बंद झाला की सिक्युरिटीचे जुने दणकट सेट भंगारात येतात. कुदळवाडीत माझ्या एका मित्रानं असा एक सेट वजनावर घेतला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेनं तिथली हजारो शेड पाडली, त्याच्या आधीची गोष्ट. सेट खरंच मजबूत होता. पण त्यात त्या कंपनीच्या परवान्याची फ्रीक्वेन्सी भरलेली होती. तो परवाना कंपनीचा, सेटच्या पाठोपाठ आपल्याकडे येत नाही.

सॅटेलाइट फोन आणि सॅटेलाइट मेसेंजरचं तर विचारूच नका. यूट्यूबवर परदेशी ट्रेकर वापरताना दिसतात, पण आपल्याकडे परवानगीशिवाय ते बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी धावपटू बाईंना अशाच एका छोट्या डब्यापायी ताब्यात घेतलं होतं. नातेवाइकांनी अमेरिकेतून प्रेमानं पाठवला तरी नको म्हणा.

ज्यांना रेडिओची खरंच गोडी लागेल त्यांच्यासाठी सरळ रस्ता आहे, हॅमचा. वय १२ पूर्ण हवं, डब्ल्यूपीसीची परीक्षा द्यायची, थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि थोडे नियम. खालच्या श्रेणीला मोर्सही लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हॅमवाल्यांनी तिथून निरोप पोचवले होते. २००१ ला भुजमध्येही. मी फॉर्म आणलाय. भरला नाहीये अजून.

दादाचा तास

आता वॉटरप्रूफपणा. इथे मी बोलणं बंद करून दादाला बोलू देतो, कारण चाकणमध्ये तो दिवसभर हेडलॅम्पवर पाणी मारायचं काम करतो.

आयपी ६७ मधला पहिला आकडा धुळीचा, ० ते ६. दुसरा पाण्याचा. ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. ८ म्हणजे त्याहून कडक, पण किती खोल आणि किती वेळ ते कंपनी स्वतः ठरवते, म्हणून ८ दिसला की बारीक अक्षरं वाचायची. ५ आणि ६ म्हणजे नळीनं मारलेला फवारा. आणि बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट अशी की ७ मिळाला म्हणून ५-६ आपोआप मिळत नाही. उभ्या पाण्यात बुडणं वेगळं, जोरात येणारा मारा वेगळा. दोन्ही हवं असेल तर आयपी ६६/६७ असं दुहेरी लिहिलेलं असतं. सह्याद्रीत वाऱ्याबरोबर पाऊस आडवा येतो, खालूनसुद्धा येतो. तो बादलीपेक्षा फवाऱ्याच्या जवळचा.

पण दादाचा खरा मुद्दा दुसराच होता. तो म्हणाला, "पाणी आत जात नाही रे, आत ओढलं जातं." हेडलॅम्प पेटवून तापवतात आणि त्यावर गार पाणी मारतात. आतली हवा एकदम आकसते, आत निर्वात होतो, आणि रबरी सीलच्या ज्या फटीतून एरवी थेंब गेला नसता तिथून पाणी शोषलं जातं. म्हणून गाडीच्या दिव्याला श्वास घ्यायला छोटी जाळी ठेवतात. आता फोनचं बघा. खिशात तापलेला, कॅमेरा आणि नकाशा चालू, आणि तुम्ही थेट धबधब्याखाली! तुमच्या आयपी ६७ ची टेस्ट नव्याकोऱ्या नगावर, साध्या गोड्या पाण्यात झालेली असते. तुमचा फोन दोन वर्षं वापरलेला, तीनदा पडलेला आणि एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात स्क्रीन बदललेला. ते सील गेलं, बाबा.

बाकी दादाची सिस्टिम साधी आहे. नवी ड्राय बॅग आणली की आत टिश्यू पेपर घालायचा, तोंड बंद करायचं आणि बादलीत वीट ठेवून रात्रभर बुडवून ठेवायची. सकाळी टिश्यू बोलतो. आणि दरवर्षी मे महिन्यात पुन्हा, कारण रबर कडक होतं, शिवणीवरची टेप सुटते.

मिलिटरी ग्रेड हा शब्द तर मला हल्ली टिफिनच्या डब्यावरही दिसतो. मिल-एसटीडी-८१० हे अमेरिकन सैन्याचं चाचण्यांचं मोठं पुस्तक आहे. त्यात उष्णता, धूळ, कंप, पडणं असे कितीतरी प्रकार आहेत आणि त्यातले कुठले करायचे ते कंपनी निवडते. सैन्य कुणाला प्रमाणपत्र देत नाही. पडण्याची नेहमीची चाचणी म्हणजे १.२२ मीटरवरून २६ वेळा पाडणं. पण ते २६ वेळा एकाच नगाला सोसावं लागत नाही, पाच नगांत वाटून चालतं! दादा म्हणतो, कुठली टेस्ट केली ते सांगत असतील तर वाचायचं, नुसतं ग्रेड म्हणत असतील तर हसायचं.

उरलेली सॅक

टॉर्चमध्ये ल्युमेनच्या आकड्यावर जाऊ नका. एएनएसआय एफएल१ नावाचं मानक आहे. त्यात उजेड मोजतात टॉर्च लावल्यापासून अर्ध्या ते दोन मिनिटांच्या आत, आणि 'इतके तास चालतो' म्हणजे उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे आठ तास लिहिलेला टॉर्च तिसऱ्या तासालाच मिणमिणता असू शकतो, तरी मानकात खरा. ज्या खोक्यावर हे मानकही नाही तिथे तर विषयच संपला. मी काय करतो, पहिल्या रात्री नवीन हेडटॉर्च टेबलावर लावून ठेवतो आणि दर अर्ध्या तासानं त्याच्या उजेडात पुस्तक वाचून बघतो. अजून एक. धुक्यात हेडटॉर्च डोक्यावर ठेवलात तर समोर पांढरी भिंत दिसते, कारण उजेड धुक्यावर आपटून सरळ डोळ्यांत येतो. काढून कमरेपाशी धरा. वाट दिसायला लागते.

पॉवर बँकेचे १०,००० एमएएच हे आतल्या सेलचे, ३.७ व्होल्टला. यूएसबीतून ५ व्होल्टला बाहेर येताना ते ७,४०० होतात, आणि रूपांतरात थोडे गरम हवेत जातात. म्हणून मागे बारीक अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी' सहा हजारांच्या आसपास दिसते. ती फसवणूक नाही, उलट तोच खरा आकडा. आणि बीआयएसचा आर-नंबर बघा. पॉवर बँकेला ही नोंदणी सक्तीची आहे आणि बीआयएस केअर ॲपवर तो नंबर टाकून तपासता येतो. दोन मिनिटांचं काम आहे, बसल्या जागी.

आणि तुमचा फोन. तुम्ही हे ऐकताय तोच. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, विमान मोडमध्येही ते चालतं. फक्त नकाशा आधी उतरवून ठेवायला हवा. रेंज शोधत बसल्यामुळे फोनची बॅटरी फार जाते, म्हणून दरीत शिरलात की विमान मोड लावा. ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, आमच्या मागच्या तिघांचं तेच झालं होतं. बऱ्याच फोनमध्ये पॉवरचं बटण लागोपाठ ५ वेळा दाबलं की इमर्जन्सी एसओएस सुरू होतं. सेटिंगमध्ये जाऊन तुमच्यात ते आहे का, चालू आहे का, आज बघून घ्या. ११२ लावलात तर तुमच्या सिमची रेंज नसली तरी तिथे दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क असेल त्यावरून फोन जातो. महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांचं स्वतःचं बचाव समन्वय केंद्रही आहे, एमएमआरसीसी. त्यांची हेल्पलाइन घरूनच सेव्ह करून निघा.

वजनाबद्दल एक. १९ जुलै २०२३ ला रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. इर्शाळगडाच्या कुशीतली वाडी, गाडीरस्ता नाही. जेसीबी वर जाऊ शकला नाही, हवामानामुळे हेलिकॉप्टर उडू शकलं नाही. भर पावसात लोक चालत वर गेले आणि फावडी, घमेली घेऊन हातानं उपसत राहिले. चढताना अग्निशमन दलातल्या एकांचा हृदयविकारानं मृत्यू झाला. जे यंत्र तिथे नेताच येत नाही ते कितीही दणकट असलं तरी त्या रात्रीपुरतं ते नसल्यातच जमा. हे मी माझ्या छोट्या पातळीवर असं वापरतो: सॅक भरली की शेवटच्या तीन वस्तू बाहेर काढतो आणि विचारतो, चौथ्या तासाला भिजल्यावर मी ही वाहीन का? ज्याला मी आठव्या किलोमीटरला शिव्या घालेन, ते पुढच्या वेळी घरीच राहणार, आणि नेमकी त्याच वेळी गरज पडणार.

शिट्टी मात्र प्रत्येकाच्या गळ्यात. सॅकमध्ये नाही, गळ्यात. आत गोटी नसलेली घ्या, भिजली तरी वाजते. मिनिटाला ६ वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा ६. ज्याला ऐकू येईल त्यानं मिनिटाला ३ वेळा उत्तर द्यायचं. ट्रेकला निघताना शिट्टी मारत गाणी म्हणायची नाहीत, नाहीतर लांडगा आला रे होतं. त्या रविवारी तिघांत मिळून एकच शिट्टी होती, तीही दादाच्या पट्ट्याला होती हे त्याला पन्नास मिनिटांनी आठवलं.

आम्ही आता काय करतो

रेडिओ सोडला नाही. ४४६ ची, ईटीए असलेली जोडी वर्गणी काढून घेतली. पण पद्धत बदलली, आणि ती कल्पना ऑफिसमधली आहे. सर्व्हर जिवंत आहे का हे कळायला आम्ही त्याच्या तक्रारीची वाट बघत नाही. त्यानं ठरावीक वेळानं 'मी आहे' असा ठोका द्यायचा असतो, हार्टबीट. ठोका चुकला की तो पडलाय असं धरून कामाला लागायचं. तसंच आता दर अर्ध्या तासानं पुढचा हाक देतो, मागच्यानं उत्तर द्यायचं. उत्तर नाही आलं तर पुढचे जिथे असतील तिथे थांबतात आणि उंचावर येऊन दहा मिनिटं प्रयत्न करतात. तरीही नाही, तर परत फिरायचं. आणि मागच्यांनी निरोप दिला पण 'ऐकलं' असं उत्तर आलं नाही, तर तो दिलाच नाही असं समजायचं. सोंडेच्या वळणावर तर आम्ही एकमेकांना दिसेपर्यंत थांबतोच. यानं ट्रेक तासभर लांबतो. दोघा-तिघांनी कुरकूर करून ग्रुप सोडलाही.

मला सध्या लोरावर मेसेज पाठवणाऱ्या छोट्या बोर्डांचा नाद लागलाय, ८६५-८६७ मेगाहर्ट्झच्या मोकळ्या पट्टीत चालतात, फक्त मजकूर जातो. तीन बोर्ड जोडून झालेत. एक धारेवर ठेवला तर सोंडेच्या दोन्ही बाजूंना जोडता येईल असं माझं गणित आहे. डोंगरात नेऊन टेस्ट करेपर्यंत त्यावर एपिसोड करणार नाही, कबूल.

तिचा पाय बरा झाला. गेल्या डिसेंबरात ती परत राजमाचीला आली, आम्ही तोच ओढा कोरडा असताना ओलांडला. काकांकडे जेवलो. त्यांच्यासाठी मी चांगला, मानकाचा, आयपी ६७ हेडटॉर्च घेऊन गेलो होतो. त्यांनी तो लावून बघितला, छान आहे म्हणाले, आणि आत जाऊन त्यासाठी दुधाची पिशवी घेऊन आले.